जाड दंड, केसाएवढी रेघ : दर्शनी अक्षर आणि मराठी फलक

दुकानाच्या नामफलकावरील मराठी अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, अशी तरतूद महाराष्ट्राने २०२२ साली दुकाने व आस्थापना अधिनियमात केली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानेही तिच्या कक्षेत आणली. तिच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना फलक बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ही तरतूद योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे आणि तिच्या बाजूने पुन्हा वाद घालण्याची गरज मला वाटत नाही. परंतु फलक बदलू लागल्यावर जे रस्त्यावर दिसले, त्यातून एक वेगळा प्रश्न उभा राहतो. कायद्याने अक्षराची उंची मोजली. ते अक्षर समोरच्या पदपथावरून वाचता येते का, आणि ज्या कामाला ते जुंपले त्या कामासाठी ते घडवले गेले होते का, हे पाहणे कोणाच्याच वाट्याला आले नाही.

हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो अक्षरांच्या एका विशिष्ट जातीत. उभ्या रेघा कमालीच्या जाड, आडव्या रेघा केसाएवढ्या बारीक, आणि रेघांच्या टोकांना सेरिफ म्हणजे सरळ, सपाट पाय, अशी ही दर्शनी अक्षरे आज मासिकांच्या मुखपृष्ठांवर, सराफांच्या व साड्यांच्या दुकानांवर, लग्नपत्रिकांवर, उद्‌घाटनाच्या फ्लेक्सवर सर्वत्र आहेत. मला ही अक्षरजात मनापासून आवडते. म्हणूनच ती जिथे नको तिथे वापरली जाते तेव्हा खटकते, आणि देवनागरीत ती रोमन अक्षराच्या मापाने कापून आणली जाते तेव्हा अधिकच खटकते. माझे म्हणणे एवढेच आहे की या अक्षराचे काम ठरलेले आहे, ते त्याच कामाला वापरावे. आणि मराठीसाठी ते घडवायचे असेल तर ते बोरूच्या, म्हणजे आपल्या जुन्या काडीच्या लेखणीच्या, न्यायाने घडवावे, तसेच ते घडवण्याचा खर्च सार्वजनिक संस्थांनी उचलावा.

या अक्षराचे कूळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपात सापडते. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ साली आपला पहिला ग्रंथ छापला, तेव्हा त्यांनी गुळगुळीत कागद आणि गडद शाई यांवर विशेष मेहनत घेतली होती. छापलेला कागद ते तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून घेत. खडबडीत कागदावर बारीक रेघ तुटते किंवा शाईने फुगते, आणि कागद सुधारला तेव्हाच बारीक रेघ शक्य झाली. पुढे इटलीत पार्मा येथे ड्यूकच्या मुद्रणालयाचे प्रमुख असलेले जाम्बात्तिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसमधले फिर्मं दिदो यांनी ही शक्यता टोकाला नेली. त्यांच्या अक्षरामागे रुंद कटाची लेखणी नाही; टोकदार, लवचिक निब आणि ताम्रपटावर कोरणाऱ्याचे हत्यार आहे. अशा निबेवर खाली ओढताना दाब दिला की उभी रेघ फुगते आणि दाब काढला की आडवी रेघ जेमतेम उरते. अक्षराचा ताठपणा, उभ्या अक्षाभोवतीचा त्याचा तोल आणि एक प्रकारचा थंड रुबाब हे सारे या हत्यारातून आले आहे.

बोदोनी-दिदोंचे अक्षर अजून पुस्तकाचे अक्षर होते. त्याला रस्त्यावर आणले ते लंडनने. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रॉबर्ट थॉर्न या टाइपाचे ओतकाम करणाऱ्याने उभ्या रेघा इतक्या जाड केल्या की अक्षराच्या आतली पोकळी केवळ एक फट उरली. बारीक रेघा मात्र होत्या तशाच ठेवल्या. या प्रकाराला पुढे फॅट फेस हे नाव पडले. १८२० साली थॉर्न वारल्यावर त्यांचा कारखाना विल्यम थॉरोगुड यांनी विकत घेतला; सोडतीत जिंकलेल्या पैशातून तो घेतला असे सांगतात. हे खरे असेल तर मोठा योगायोग म्हणावा लागेल, कारण सरकारी सोडतीच्या भिंतीपत्रकांनीच या अक्षराला सर्वांत जास्त काम दिले होते. ब्रिटनमधली सरकारी सोडत १८२६ साली बंद झाली, पण तोवर नाटक कंपन्या, औषधविक्रेते, घोडागाड्यांचे मालक अशा सगळ्यांनाच भिंतीवरून ओरडणारे अक्षर हवेसे झाले होते. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्स यांनी यंत्राने लाकडी टाइप कापायला सुरुवात केली, त्यामुळे शिशात ओतता येणार नाही इतक्या मोठ्या मापात ही अक्षरे मिळू लागली. शंभर वर्षांनी, १९२८ च्या सुमारास, अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन यांनी अल्ट्रा बोदोनी काढला, आणि संगणकाच्या काळात २०११ साली टाइपटुगेदर या संस्थेचा अब्रिल फॅटफेस आला. तंत्र दर वेळी बदलले, तरी गिऱ्हाईक तेच राहिले : ज्याला कमी शब्दांत, मोठ्या मापात, लांबून डोळा ओढून घ्यायचा आहे तो.

ही अक्षरे मोठ्या मापात का शोभतात, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. रोमन ‘ओ’ घ्या. डाव्या-उजव्या बाजूला दोन भरीव काळे अर्धगोल, मध्ये उभी, अरुंद पांढरी फट, आणि वर-खाली त्या दोन अर्धगोलांना जोडणारा जवळजवळ अदृश्य धागा. बोटभर उंचीला तो धागा दिसत नाही आणि अक्षर दोन काळ्या ठिपक्यांत फुटते. तेच अक्षर वीतभर उंच करा, की धागा स्पष्ट होतो आणि त्याच्या नाजूकपणामुळेच काळा भाग अधिक काळा, अधिक भरदार वाटू लागतो. जाडपणा एकटा असता तर अक्षर निव्वळ अवजड झाले असते. बारीक रेघ त्याला तोल देते आणि डौल देते. म्हणून हे अक्षर एकाच वेळी मोठ्याने बोलते आणि नीटनेटके दिसते, आणि याच गुणामुळे फॅशनच्या मासिकांपासून नाटकाच्या भिंतीपत्रकापर्यंत ते चालते. पण या गुणाला दोन अटी आहेत : माप मोठे हवे आणि शब्द थोडे हवेत. तीन शब्दांचे शीर्षक या अक्षरात उठून दिसते, तर तीन ओळींचा मजकूर त्यात काळ्या पट्ट्यांचे कुंपण होतो.

बोदोनींना हे ठाऊक होते. त्यांनी प्रत्येक मापासाठी अक्षर वेगळे कापले. लहान मापात बारीक रेघा थोड्या जाड ठेवल्या, पोकळ्या मोकळ्या केल्या, आणि मोठ्या मापातच रेघांमधला भेद टोकाला नेला. त्यांच्या मृत्यूनंतर १८१८ साली त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केलेल्या नमुनापुस्तकात मापांची ही बारीक चढण पानोपान दिसते. १९९४ सालच्या आयटीसी बोदोनीने हेच शहाणपण परत आणले आणि सहा, बारा व बहात्तर पॉइंटांसाठी तीन स्वतंत्र आराखडे दिले. संगणकाने मात्र आपल्याला उलटी सवय लावली. एकच आराखडा ओढून हवा तेवढा मोठा किंवा लहान करता येतो, त्यामुळे बहात्तर पॉइंटांसाठी रेखलेले अक्षर आज चौदा पॉइंटांत छापले जाते आणि वाचणाऱ्याला वाटते की आपली नजर कमी झाली.

इथवरची गोष्ट रोमन अक्षराची होती. देवनागरीकडे वळले की मामला गुंतागुंतीचा होतो, कारण देवनागरीत जाड-बारीकपणा पूर्वीपासून आहे आणि तो वेगळ्या हत्यारातून आलेला आहे. बोरूचा कट तिरपा असतो. त्या कटामुळे आडवी रेघ आणि उभी रेघ, दोन्ही साधारण सारख्याच जाडीच्या उमटतात. बारीक होतात त्या काही तिरक्या रेघा. रोमन रुंद लेखणीतही जाड-बारीक भेद तिरकाच असतो, परंतु तिथे ज्या तिरक्या दिशेला रेघ भरते त्याच दिशेला आपल्या बोरूत ती निमुळती होते. त आणि र यांच्या शेपट्या उजवीकडे खाली उतरताना बारीक होतात, आणि व किंवा ब यांचे पोट वरच्या डाव्या अंगाला भरदार व खालच्या डाव्या अंगाला हलके दिसते, ते या कटामुळे. मराठी माणसाने पोथ्यांतून, शिळाछापाच्या पंचांगांतून आणि नंतर जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपातून जे अक्षर पाहिले, ते या वळणाचे आहे. मुंबईतल्या खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या टाइपांनी, हे वळण शिशात उतरवले म्हणूनच निर्णयसागरच्या पोथ्या आजही वाचायला सुखद वाटतात.

आता बोदोनीचा नियम देवनागरीला जसाच्या तसा लावला तर काय होते ते पाहावे. नियम असा की उभे ते जाड आणि आडवे ते बारीक. देवनागरीतली सर्वांत महत्त्वाची आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा. बोरूच्या न्यायाने ती दंडाच्या, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेच्या, तोडीची असते, तर बोदोनीच्या न्यायाने ती केसाएवढी होते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर स्वतंत्र उभे राहते, त्यामुळे आडवी रेघ पुसट झाली तरी शब्द टिकतो. आपल्याकडे शब्द शिरोरेषेला लटकलेला असतो आणि तीच अक्षरांना एका शब्दात बांधते. ती नाहीशी झाली की उरतात एकामागून एक उभे जाड दंड. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे दंडांमधल्या अंतरावरून ठरवावे लागते, आणि दंडांमधले अंतर तर अक्षराच्या जाडपणाने आधीच खाल्लेले असते.

‘महाराष्ट्र’ हाच शब्द घेऊन मी हे वारंवार तपासले आहे, आणि वाचकानेही आपल्या संगणकावर तपासावे. म मध्ये डावीकडची गाठ आणि दोन उभ्या रेघा. जाडी वाढली की गाठीचे छिद्र बुजते आणि म दुरून भ सारखा वाटू लागतो, कारण त्या दोन अक्षरांतला मुख्य फरक शिरोरेषेतल्या खंडाचा आहे आणि शिरोरेषा तर बारीक केलेली आहे. ह चे सारे अंग वळणांचे. त्यात निखळ उभे असे जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे उभे-आडवे हा नियम लावायला जागाच मिळत नाही आणि आराखडाकार आपल्या मनाने कुठेतरी फुगवटा देतो. रा मध्ये काना एवढा जाड की र त्याच्या शेजारी अंग चोरून उभा. शेवटी ष्ट्र : ष च्या पोटातली तिरकी रेघ, तिच्याखाली ट चा वळसा, त्याच्याही खाली रकाराच्या दोन लहान तिरक्या रेघा. तीन मजले एकाच अक्षरउंचीत बसवायचे आणि प्रत्येक मजल्यात पोकळी राखायची. अति जाड अक्षरात हे अशक्य नाही, पण त्यासाठी या एका जोडाक्षरावर वेगळी मेहनत लागते, आणि घाईत काढलेल्या फॉन्टमध्ये नेमकी तीच मेहनत नसते. ज्या राज्याच्या नावातच हे जोडाक्षर आहे, त्या राज्यात कोणताही दर्शनी फॉन्ट स्वीकारण्यापूर्वी या शब्दाची चाचणी अनिवार्य असायला हवी.

देवनागरीत असे अक्षर घडूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांच्याकडून घडवलेला रोझा वन हा फॉन्ट देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिपींत कमालीचा जाड-बारीक भेद घेऊन येतो, आणि तो भिंतीपत्रके व मोठ्या शीर्षकांसाठी आहे असे त्याच्या कर्त्यांनीच स्पष्ट सांगितले आहे. तो मोफत उपलब्ध आहे आणि कोणालाही मोठ्या मापात वापरून पाहता येतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचा मोदक वेगळ्या वाटेने गेला : त्यात जाड-बारीक भेद जवळजवळ नाहीच, अक्षर गुबगुबीत आहे आणि पोकळ्या बारीक फटींवर आणल्या आहेत, तरीही ते देवनागरी म्हणून पटते, कारण त्यातली वळणे आपली आहेत. या दोन्ही प्रयत्नांतून एवढे नक्की दिसते की अति जाड देवनागरी अक्षर हा सोडवता येण्याजोगा प्रश्न आहे, आणि उत्तरे एकाहून अधिक आहेत.

त्याच्याही आधी हे उत्तर हातांनी दिले गेले होते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षके हाताने रेखाटली, आणि मराठी वाचकाला त्यांच्या अक्षरावरून नाटकाची जात कळू लागली. हाताने रेखाटणाऱ्याला एक स्वातंत्र्य असते जे फॉन्टला नसते : त्याला त्या एका शीर्षकातली अक्षरेच सांभाळायची असतात. ष्ट्र नसेल तर ष्ट्र ची चिंता नाही. वेलांटी शेजारच्या अक्षराला भिडत असेल तर ती थोडी उचलता येते. शिरोरेषा हवी तिथे तोडता येते. आज फ्लेक्सच्या दुकानात एका तासात फलक हवा असतो आणि तो रेखाटणारा हात उपलब्ध नसतो, हे मान्य करावे लागेल. म्हणून फॉन्टच चांगला हवा, आणि तो कोणत्या कामाचा हे त्याच्या सोबत लिहिलेले हवे.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की लोकांना वाचता आल्याशी मतलब. अक्षराच्या सौंदर्याची चर्चा हा चैनीचा विषय आहे. पण मी जे मांडतो आहे ते मुळात वाचता येण्याबद्दलच आहे. रात्री मागून दिवा लावलेल्या फलकावर प्रकाश बारीक रेघांवर पसरतो आणि त्या गिळून टाकतो; पावसाळ्यात ओल्या काचेआडून बसमधला माणूस फलक पाहतो तेव्हा त्याला फक्त दंड दिसतात; मोतीबिंदू झालेल्या वृद्धाला रुग्णालयाच्या मजल्यावर विभागाचे नाव शोधायचे असते. ब्रिटनने आपले रस्त्यांवरचे फलक साठच्या दशकात नव्याने करवून घेतले, तेव्हा जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी त्यांच्यासाठी सेरिफ नसलेले, जवळजवळ एकाच जाडीच्या रेघांचे आणि मोकळ्या पोकळ्यांचे अक्षर घडवले. तिथे फॅट फेसचा एवढा मोठा वारसा होता, पण धावत्या गाडीतून वाचायच्या फलकाला तो लावण्याचा विचार कोणी केला नाही. कामाप्रमाणे अक्षर, हा तिथला साधा व्यवहार होता.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे आणि तो अधिक विचारार्ह आहे. शासनाने एकच सुबोध फॉन्ट ठरवून द्यावा आणि सगळीकडे तोच वापरावा, म्हणजे प्रश्न मिटेल, असे अनेक सुजाण लोक म्हणतात. दिशादर्शक फलक, अर्ज, परिपत्रके, मतदान केंद्रावरच्या सूचना यांच्यापुरते मला ते मान्य आहे. परंतु दुकानाचा फलक ही सरकारी सूचना नव्हे. तिथे दुकानदाराला आपली ओळख दाखवायची असते. सराफाला वेगळे दिसायचे असते, वडापाववाल्याला वेगळे, आणि हा त्यांचा हक्क आहे. मराठीला कायद्याने फलकावर जागा मिळाली, आता ती जागा रुबाबाने भरायची असेल तर मराठीकडेही रुबाबदार अक्षरे हवीत. आज बहुतेक ठिकाणी असे दिसते की इंग्रजी नावासाठी एखादा देखणा, जाड-बारीक सेरिफ वापरलेला असतो आणि त्याच्यावर मराठी नाव संगणकासोबत आलेल्या साध्या फॉन्टमध्ये, रुंदी ताणून किंवा भोवती कड चढवून जाड केलेले असते. उंचीच्या नियमाने मराठी अक्षर लहान नसते. बाकी प्रत्येक बाबतीत ते दुय्यम दिसते. अक्षराला कड चढवली की रेघेसोबत पोकळीही बुजते, आणि आडवे ताणले की दंड जाड होतात पण शिरोरेषा आहे तशीच राहते. असा फलक कायद्याचे पालन करतो खरा, पण तो पाहणाऱ्याला मराठीत तेवढेच जमते असे सांगतो. मला सर्वांत जास्त सलते ते हे.

या अक्षराला साजेशी जागा मराठीत भरपूर आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी मासिक मनोरंजनचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दरवर्षी शेकडो मुखपृष्ठांवर मोठ्या मापाच्या, थोड्या शब्दांच्या शीर्षकांची गरज असते. नाट्यगृहांचे दर्शनी फलक, संमेलनांची बोधचिन्हे, प्रदर्शनांची भिंतीपत्रके, वस्त्रदालनाचे नाव, पुस्तकाचे मलपृष्ठ नव्हे पण मुखपृष्ठ, वर्तमानपत्राचे नाममुद्रण : या सगळ्या ठिकाणी शब्द थोडे, माप मोठे आणि पाहणारा क्षणभर थांबलेला असतो. उलट रुग्णालय, बसथांबा, रेल्वे स्थानक, औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, तहसील कार्यालयातली शुल्काची पाटी, इथे हे अक्षर कटाक्षाने टाळावे. कोनशिलेचे मला वेगळे सांगावेसे वाटते. दगडात बारीक रेघ कोरली की काही पावसाळ्यांत ती धूळ आणि शेवाळाने भरते, आणि मग पाहुण्यांच्या नावातल्या वेलांट्या व उकार दिसेनासे होतात. दगडासाठी सम जाडीची, खोल कोरता येणारी रेघ हवी. आपल्या जुन्या शिलालेखांत ती तशीच आढळते.

मराठीसाठी अक्षर घडवताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा असावा, हे शासनाने वर्णमालेच्या निर्णयात स्पष्ट केले आहे. युनिकोडमध्ये मात्र हिंदी वळणाच्या आणि मराठी वळणाच्या ल व श यांना एकच क्रमांक आहे. कोणते रूप दिसेल हे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे का यावर अवलंबून असते. दर्शनी फॉन्ट बहुधा हिंदी बाजार नजरेसमोर ठेवून काढले जातात, म्हणून त्यांत मराठी रूपे असतीलच असे नाही, आणि असली तरी फ्लेक्सवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप येत नाहीत. ‘लक्ष्मी’ आणि ‘शिवशाही’ हे आपल्या फलकांवर सतत येणारे शब्द; त्यांतले ल आणि श हातभर उंचीचे होतात तेव्हा परके वळण लपत नाही. शिवाय अर्ध्या र चे चंद्रकोरी रूप, जे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांत लागते, अनेक दर्शनी फॉन्टांत तुटते किंवा शेजारच्या काळ्या दंडात बुडून जाते.

हे काम बाजारावर सोडून होणार नाही, असे मला वाटते, कारण देवनागरीचा पूर्ण फॉन्ट म्हणजे शेकडो आकृत्या आणि त्यांपैकी जोडाक्षरांची मेहनत कोणी वेगळी मोजून पैसे देत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा फॉन्ट करवून घेऊन तो सर्वांना मोफत दिला, तेव्हा सार्वजनिक पैशातून अक्षर घडवता येते हे सिद्ध झालेच आहे. तो मजकुराचा प्रश्न होता. आता दर्शनी अक्षरांचा घ्यावा. राज्यात मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रासारख्या संस्था आहेत, सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या आहेत, फॉन्ट घडवणारे तरुण गट आहेत. त्यांच्याकडून फलकांसाठी एक सुबोध कुळ, आणि शीर्षकांसाठी बोरूच्या कटातून आलेले एक अति जाड, जाड-बारीक भेदाचे कुळ, अशी दोन कामे मागवता येतील. दुसऱ्या कुळात लहान आणि मोठ्या मापांसाठी वेगळे आराखडे असावेत, शिरोरेषा दंडाच्या प्रमाणात भरदार असावी, बारीकपणा तिरक्या रेघांत आणि शेपट्यांत शोधावा, मराठी ल आणि श हीच मूळ रूपे असावीत.

महापालिका आणि नगरपालिका आपल्या फलकांच्या निविदा काढतात तेव्हा पत्र्याची जाडी, रंगाचा प्रकार, खांबाची उंची, दिव्याचे वॅट हे सारे नमूद करतात. अक्षराबद्दल मात्र बहुतेक वेळा ‘मराठीत, ठळक’ एवढेच लिहिलेले आढळते. त्या ओळीच्या जागी फॉन्टचे नाव, अक्षराची किमान उंची, दंड आणि शिरोरेषा यांच्या जाडीचे प्रमाण, आणि वीस पावलांवरून ‘महाराष्ट्र’, ‘रुग्णालय’ व ‘दुसऱ्या मजल्यावर’ हे तीन नमुने वाचून दाखवण्याची अट घालता येईल. दुकानदाराला परवाना किंवा नूतनीकरणाचे कागद देताना चांगल्या मोफत दर्शनी फॉन्टांची, वापराच्या मापासह छापलेली एक पत्रिका देता येईल. फ्लेक्स छापणाऱ्यांच्या संघटनांना ते फॉन्ट, मराठी रूपे चालू करण्याच्या सूचनांसह, थेट पोहोचवता येतील. कारण शहरातली बहुतेक मराठी अक्षरे आज प्रत्यक्षात तिथेच, गिऱ्हाईक समोर खुर्चीवर वाट पाहत असताना, निवडली जातात.